खाली ठेवलेली फरी

परवा माझ्या नातीनं मला न विचारता सगळ्यात सोप्या पातळीवर नेऊन बसवलं आणि माझं डोकं फिरलं.

ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीत कारंज्याला आली तेव्हा तिनं टीव्हीला एक यंत्र जोडलं. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी, मारामारीला तयार. एकाला आपण हलवायचं, दुसऱ्याला यंत्र हलवणार. सुरू होण्याआधी यंत्र विचारतं की खेळ सोपा हवा, मध्यम हवा की अवघड. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत तिनं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं होतं. मग मी हाताला लागेल ते बटण दाबत होते आणि समोरचा धिप्पाड गडी आपण होऊन मार खात होता. तीन वेळा आडवा झाला. नात टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी जिंकली."

"अवघड लाव," मी म्हणाले.

"अगं, तू पहिल्यांदाच खेळतेयस. अवघडवर एक मिनिटही टिकणार नाहीस."

"नाही टिकले तर नाही टिकले. मार खायचाच होता तर तो माझ्यासमोर उभा कशाला राहिला?"

तिला वाटलं, आजी गंमत करतेय. मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि दूध उतू गेलं तरी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, तिला काही ठाऊकच नाही. ज्याच्यावर रागवायचं तो माझा चुलतभाऊ आता पंच्याहत्तरीच्या पुढं गेला आहे, आणि त्याचं-माझं उत्तम चाललेलं असतं. पण राग माणसासारखा म्हातारा होत नाही, निदान माझा तरी झालेला नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आमचा भाग अजून अकोला जिल्ह्यातच होता, आणि आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत एक आखाडा चालायचा. तो कुस्तीचा नव्हता, फरी-गदक्याचा होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गदका म्हणजे दीड-दोन हात लांबीची वेताची काठी, तलवारीच्या जागी. फरी म्हणजे डाव्या हातात धरायची लहान गोल ढाल. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, गदक्यानं वार करायचे, फरीवर ते झेलायचे, आणि ज्याचे पाच वार आधी समोरच्याच्या अंगाला लागतील तो जिंकला. वारांना नावं असतात. समोरच्याच्या डाव्या गालाकडं जाणारा तो तमाचा, उजवीकडं जाणारा तो बाहेरा. बाकीची नावं इथं नाही सांगितली तरी चालतील.

उस्ताद होते माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते कापसाच्या जिनात कामाला होते. यंत्रं फिरवणारे चामडी पट्टे झिजले की जिनवाले ते फेकून द्यायचे. मोठे बाबा ते घरी आणायचे, रात्रभर भिजत घालायचे, गोल कापायचे आणि तीन पदर एकावर एक ठेवून दाभणानं शिवायचे. आमच्या सगळ्या फऱ्या अशा जिनाच्या पट्ट्यांच्या. गदक्याला वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली असायची. बाजा नव्हता. डफडं वाजवणं आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच सोडून दिलं होतं, त्यामुळं आमचा आखाडा एका पितळी शिट्टीवर चालायचा, आणि ती शिट्टी मोठ्या बाबांच्या गळ्यात असायची.

नातीच्या यंत्रात आहेत तशा पातळ्या आमच्याकडंही होत्या. समोर कोण उभं आहे ते बघून उस्ताद त्या ठरवायचे. अगदी कच्चा असेल तर ते आपली फरी जमिनीवर ठेवायचे आणि गदका डाव्या हातात घ्यायचे. जरा तयार झालेला असेल तर फरी खालीच, पण गदका उजव्या हातात. आणि समोरचा पक्का असेल तरच फरी हातात. शिकणाऱ्यानं मात्र आपली फरी कधी सोडायची नाही. बाकीचे जुने खेळाडूही नव्याशी खेळताना हाच रिवाज पाळायचे. तो कुणी शिकवत नव्हतं, पण शेजारच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनाही तो ठाऊक होता. जाता-येता त्या बघायच्या आणि अमक्याच्या पोरापुढं आज फरी उचलली ही बातमी, पाणी घरी पोचायच्या आधी, पोराच्या आईला कळलेली असायची.

मी आखाड्यात गेले ती अशीच, डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन. सोळा वर्षांची होते. आखाड्यातल्या दोघांना बाहेरगावी नोकऱ्या लागल्या होत्या आणि त्या सकाळी एकाला जोडीदार कमी पडत होता. मोठ्या बाबांनी मला हाक मारली.

"ये इकडं. गुंड ठेव खाली. हे धर."

"मले नाही येत, मोठे बाबा."

"कोणाले येते? उभी राय फक्त."

एका सकाळपुरतं म्हणून उभी राहिले ती सलग साडेतीन वर्षं. आईनं शिव्या घातल्या, मग मानोऱ्याला शाळेत शिपाई असलेल्या माझ्या वडिलांचा एक जुना पायजमा कापून मला शिवून दिला. ती तिची परवानगी होती.

लोक म्हणतात, नवख्याला खेळ अवघड आणि मुरलेल्याला सोपा. ज्यांनी आयुष्यात कधी गदका धरला नाही अशा लोकांचं हे बोलणं आहे. कच्ची होते तेव्हा मला समोरचा माणूस दिसतच नव्हता. माझं सगळं भांडण माझ्याच हातापायांशी चाललेलं असायचं. फरी वर न्यायची तेव्हा ती खाली जायची आणि वार आला की डोळे आपोआप मिटायचे. मोठे बाबा डाव्या हातानं खेळता खेळता घरच्या गप्पा मारायचे. "आज काय केलं व मायनं तुह्या?" मी "भाकर अन् ठेसा" म्हणेपर्यंत दोन वार खांद्यावर बसलेले असायचे. लागायचं, पण त्याचं फार दुःख नव्हतं, कारण आपल्याला काही येत नाही हेसुद्धा तेव्हा धड कळत नव्हतं.

खरे हाल त्याच्या पुढच्या पायरीवर झाले. आता वार येताना दिसायचा. कुठून येणार, कुठं लागणार, सगळं कळायचं, आणि माझा हात तिथं उशिरा पोचायचा. फाट्यावर धावत पोचावं आणि एसटी डोळ्यांदेखत निघून जावी, तसं रोज सकाळी सात-आठ वेळा व्हायचं. दीड वर्ष मी त्या पायरीवर काढलं. घरी जाऊन चुलीसमोर बसून रडायचे आणि धुराचं नाव सांगायचे. कच्च्याला काय करायचं ते कळत नाही, पण अर्ध्या कच्च्याला ते कळतं आणि जमत नाही. यातलं जास्त अवघड काय, ते त्या यंत्र बनवणाऱ्यांनी मला येऊन विचारावं.

मग एका थंडीतल्या सकाळी मोठे बाबा मेडशीला कुणाच्या तरी लग्नाच्या बैठकीला गेले होते, म्हणून मी दादाशी खेळायला उभी राहिले. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आखाड्यातला सगळ्यात चांगला खेळाडू. मला वाटलं, तो आता फरी ठेवायला वाकेल. तो वाकला नाही. कुणीतरी तोंडानंच शिट्टी वाजवली आणि तो फरी घेऊन माझ्यावर चालून आला. पाच वार त्यानं मला मोजून दिले. मी घरी गेले तेव्हा विहिरीवरून बातमी आधीच पोचली होती आणि आईनं त्या दिवशी गुळाचा शिरा केला.

फरी उचललेल्या माणसाशी खेळणं ही तिसरीच गोष्ट असते. तुम्ही तमाचा मारणार हे तुमच्याआधी त्याला ठाऊक. मग मनात तमाचा आणून हातानं बाहेरा मारायचा, तर तेही त्याला ठाऊक. तो आपल्याला ओळखून असतो आणि आपणही हळूहळू त्याला ओळखायला लागतो. होळीपर्यंत मी दादाकडून रोज हरत होते आणि रोज जरा उशिरानं हरत होते. होळीनंतर एकदा जिंकले. खरंखुरं जिंकले. दादानं मनगट चोळलं आणि म्हणाला, "चांगला बसला वो." त्या तीन शब्दांवर मी आठवडा काढला.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आमचा आखाडा पुढं असायचा, आणि धान्य बाजाराजवळच्या चौकात आखाड्याची फळी खेळून दाखवायची. फळीत फक्त पक्के. चौकात दोघांच्याही हातात फरी, हे इतकं ठरलेलं की त्याविषयी कुणी बोलायचंही नाही. सगळा बाजार बघायला जमायचा, व्यापारी आपापल्या ओट्यांवर उभे राहायचे. फळीत मुलगी कधी नव्हती. त्या वर्षी मार्च संपता संपता मोठे बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "यंदा तू अन् दादा."

मला जिंकायचं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही शपथेवर सांगेन. मला फक्त एवढंच हवं होतं की माझ्यासमोर उभं राहताना फरी उचलावी लागते हे त्या चौकानं एकदा बघावं. जयंतीपर्यंत मी दुसरा विचार केला नाही.

जयंतीच्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर मिरवणूक चौकात पोचली. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, कमरेला निळा पट्टा. माझा सदरा आईनं गुडघ्यापर्यंत लांब शिवला होता. आमच्या आधीच्या दोन जोड्या खेळल्या. मग मी आणि दादा आत आलो. मोठ्या बाबांनी शिट्टी तोंडात धरली. आणि दादा वाकला, आपली फरी त्यानं डांबरावर ठेवली, आणि पायानं जरा बाजूला सरकवली.

आमच्या बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "ठेवली व." मी मोठ्या बाबांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात शिट्टी होती, गावासमोर ते काय करणार होते? त्यांनी ती वाजवली.

पुढं जे झालं त्याला मी खेळ म्हणत नाही. दादाचा गदका माझ्याकडं असा सावकाश यायचा की एखाद्या म्हाताऱ्यानंही तो झेलावा. माझे वार तो अडवायला जायचा आणि थोडक्यात चुकायचा. इतकं सफाईदार चुकायला किती कसब लागतं ते मला ठाऊक होतं, कारण साडेतीन वर्षं मी त्याचे हात बघत आले होते. मी चिडून जोरात मारत सुटले, तर तेही त्यानं अंगावर घेतले. पाच वार झाले. चौकात टाळ्या पडल्या. ओट्यांवरूनसुद्धा पडल्या. जयंती समितीतले एक गृहस्थ, कचेरीत नोकरीला असलेले आणि वस्तीत मान असलेले, पुढं आले आणि त्यांनी माझ्या हातात स्टीलचा एक डबा दिला. "शाब्बास पोरी," ते म्हणाले. बाजारातल्या लोकांनी पाहिलं की एक मुलगी जिंकली. आमच्या लोकांनी पाहिलं की माझ्यापुढं फरी खाली ठेवली. दोन्ही गोष्टींनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मिरवणूक पुढं सरकल्यावर पाण्याच्या रांजणापाशी मी दादाला गाठलं.

"काहून ठेवली?"

"काय?"

"तुले माहीत हाये काय."

"अवं, जिंकली ना तू. डबा भेटला."

"मले विचारलं होतं का तू?"

त्यानं रांजणातून आणखी एक पेला पाणी घेतलं. मग म्हणाला, "समितीतल्या काकानं सकाळीच सांगतलं मले. बहिणीवर हत्यार धरून साऱ्या बाजारासमोर खेळशील तर बरं दिसन का ते? अन् एखादा वर्मी बसला असता तुले, पडली असती तू, तर ओट्यावरचे हासले असते. ते पाहाचं होतं का मले?"

"हासू देले असते."

"तुले नाही समजत."

"मले समजते. मले कच्ची केलं तू."

"कच्ची कायची? मान देला तुले."

मान. पन्नास वर्षं होत आली, तरी हा शब्द आठवला की माझे दात आवळले जातात. दादा वाईट माणूस नव्हता. ओट्यावरचे हसतील ही त्याची भीतीही खोटी नव्हती; त्या ओट्यांवर आमच्या लोकांना काय काय ऐकावं लागलेलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण मला एक सांगा, माझ्या मानाचं ठरवताना माझ्याशी बोलायची गरज दोघांपैकी एकालाही का वाटली नाही? सकाळीच ठरलं होतं. म्हणजे दुपारभर मी पट्टा घट्ट करत होते, मनातल्या मनात त्याचे वार मोजत होते, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. त्यानं मला सरळ हरवलं असतं तर मी चार दिवस कुरकुरले असते. त्यानं हातचं राखून मला जिंकवलं, आणि साडेतीन वर्षांत एक-एक वार झेलून मी जे मिळवलं होतं ते एका वाकण्यात काढून घेतलं.

तो डबा मी त्याच संध्याकाळी मोठ्या आईच्या, म्हणजे दादाच्या आईच्या, चुलीशेजारी नेऊन ठेवला. "हा दादाचा," मी म्हणाले. "त्यानंच जिंकला." मोठ्या आईला काही कळलं नाही. तिनं त्यात तिखट भरलं आणि पुढं पंधरा वर्षं वापरला. त्यांच्या घरी जेवायला बसले की तो माझ्यासमोर यायचाच.

मी आखाड्यात जायचं बंद केलं. पहाटे जाग यायची, शिट्टी ऐकू यायची आणि मी कूस बदलायचे. दादा दोनदा बोलवायला आला, मी आतून कडी लावली. तीन आठवडे झाले, जिनाचा हंगाम संपला, आणि एका सकाळी मोठे बाबा स्वतः दारात येऊन उभे राहिले.

"चाल."

"दादासंगं नाही खेळणार मी."

"त्याच्यासंगं कोण म्हनते? मायासंगं खेळ."

मी गेले. आखाड्यात दादा होता, आणखी पाच-सहा जण होते. मी फरी-गदका घेऊन उभी राहिले. साडेतीन वर्षांत मोठे बाबा माझ्याशी कधी फरी घेऊन खेळले नव्हते. गदका डाव्या हातातून उजव्या हातात आला होता, तेवढंच. त्या सकाळी ते विहाराच्या भिंतीपाशी गेले, खुंटीवरची आपली जुनी फरी काढली आणि डाव्या हातात अडकवली. विहिरीवरचे आवाज थांबले. माझा तीन आठवड्यांचा राग जागच्या जागी निवाला.

मोठ्या बाबांनी शिट्टी काढून दादाकडं दिली, ती त्यानं वाजवली. मी पहिलाच तमाचा टाकला आणि तो सरळ त्यांच्या खांद्यावर बसला.

माझा तमाचा त्यांना आजवर कधी लागला नव्हता. ते तो बघायचेही नाहीत, नुसता गदका आडवा धरायचे. मी दुसरा टाकला. तोही बसला. मग मी जरा मागं सरून बघितलं. ते मान नेहमीपेक्षा जास्त डावीकडं वळवून उभे होते, आणि फरी गालाशी धरून ठेवली होती. वार येईल तिकडं ती जात नव्हती, एका जागी नुसती थांबलेली होती. मला आठवलं की अलीकडं जेवताना ते डाव्या बाजूचा लोटा हातानं चाचपून घ्यायचे. त्यांना त्या बाजूचं दिसत नव्हतं.

तिसऱ्या वेळी त्यांची डावी बाजू उघडी पडली. माझा हात निघाला होता. मी तो अर्ध्यातून वळवला आणि गदका त्यांच्या फरीवर हलकेच आपटला. दादाला तीन आठवडे ज्याच्यासाठी मनात शिव्या घातल्या, ते मी डोळ्याची पापणी लवायच्या आत करून बसले.

मोठे बाबा थांबले.

"हात काहून रोखला?"

"नाही रोखला."

"खोटं नको बोलू. जलम गेला माया ह्याच्यात. रोखलेला वार कानाले समजते."

मी गदका खाली केला. दादा शिट्टी हातात घेऊन पुढं आला होता, त्याला काय चाललंय ते उमगत नव्हतं.

"डावा डोया गेला माया," मोठे बाबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "संक्रांतीपासून दिसत नाही त्याच्यानं. म्हणून घेतली फरी. पण कच्च्यापुढं तरीबी नसती घेतली. आता खेळ."

त्या डावाइतका अवघड खेळ मी पुढं आयुष्यात कधी खेळले नाही. माझ्या ताकदीचा आणि कसबाचा तिथं प्रश्नच नव्हता. ज्या माणसानं मला गदका धरायला शिकवलं, त्याला जिथं दिसत नाही तिथं मारायचं होतं, आणि नाही मारलं तर तो माझ्या समोर उभा असूनही मी त्याला घरी बसवल्यासारखं होणार होतं. यासाठी कुठल्या यंत्रात बटण असेल तर मला माहीत नाही. मी तमाचा टाकला. त्यांनी या वेळी कानानं ओळखून तो अडवला आणि माझ्या दंडावर असा वार दिला की हात बधिर झाला. मग आणखी एक दिला. मी रडत होते आणि मारत होते. त्यांचे तीन झाले तेव्हा माझे चार होते. पाचवा मी त्यांच्या डाव्या बाजूलाच मारला, पूर्ण ताकदीनं, गालाखाली. त्यांचा तोल गेला आणि ते गुडघ्यावर आले.

दादानं येऊन माझं मनगट धरलं.

"लाज नाही वाटत तुले? दिसत नाही म्हनते तो, अन् तू तेथीच मारते?"

"सोड तिचा हात," मोठे बाबा खालूनच म्हणाले. उठायला त्यांनी कुणाचा आधार घेतला नाही. मान चोळत दादाकडं तोंड करून म्हणाले, "तिनं मले म्हातारा नाही ठरवलं. तू तिले साऱ्या गावासमोर कच्ची ठरवलं. जाय, फऱ्या टांग खुंटीले."

दादानं फऱ्या टांगल्या. त्यानंतर तो माझ्याशी पावसाळाभर बोलला नाही. मीही बोलले नाही. हिवाळ्यात डोळ्यांच्या शिबिरात मोठ्या बाबांचं ऑपरेशन झालं आणि थोडंफार दिसायला लागलं, तरी माझ्याशी खेळताना त्यांनी फरी परत खाली ठेवली नाही.

पुढं मी शाळेत खेळशिक्षिका झाले. संमेलनात दरवर्षी पाहुण्यांसाठी संगीतखुर्ची असायची आणि पोरांनी मुद्दाम मागं राहून पाहुण्यांना जिंकू द्यायचं असा तिथला रिवाज होता. मी पोरांना आधीच बजावून ठेवायचे की पाहुणे बाद होत असतील तर होऊ द्यायचे. मुख्याध्यापकांनी माझ्यापुढं हात टेकले होते. एका पाहुण्यांनी मात्र बाद झाल्यावर माझं नाव विचारून घेतलं आणि हात मिळवला.

ही सगळी गोष्ट काल मी नातीला सांगितली. तिनं यंत्राची वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मग पुढच्या वर्षीच्या जयंतीला काय झालं?"

पुढच्या वर्षी चौक तोच होता, ओटे तेच. समितीतले ते काका सकाळी दादाच्या घराकडं जाताना मी पाहिले होते. मोठ्या बाबांनी पुन्हा आमचीच जोडी लावली, आम्हा दोघांनाही न विचारता. मी मनाशी ठरवून आले होते की यानं फरी खाली ठेवली तर मी माझीही तिथंच टाकून घरी निघून जाईन. दादा माझ्यासमोर उभा राहिला, आणि वाकला. मी माझ्या फरीवरची पकड सैल केली. त्यानं रस्त्याच्या कडेची चिमूटभर माती उचलली, तळहाताला चोळली आणि सरळ झाला. फरी हातातच होती.

मी हरले. त्याचे पाच झाले तेव्हा माझे दोन होते. शेवटचा माझ्या मनगटावर बसला आणि गदका हातातून उडून लोकांत जाऊन पडला. ओट्यावरचं कुणीतरी हसलं. टाळ्या एकानंही वाजवल्या नाहीत, आणि डबा देणारे काका दुसरीकडं बघत उभे होते. माझा गदका दादानं स्वतः जाऊन आणून दिला.

संध्याकाळी मनगट टम्म सुजलं. आईनं हळद गरम केली, लेप लावता लावता तिचा पारा चढत गेला, आणि तिनं विचारलं, "कोणं मारलं तुले एवढं?"

"दादानं," मी म्हणाले. "फरी घेऊन."